निर्बल केलेल्या शत्रूचें घरांत वास्तव्य

देवी टोचल्याचा वण आपल्या घरांतील वडील मंडळींच्या दंडावर अद्याप दिसतो. सौम्य विषाणु जिवंतच टोचावा आणि शरीरास त्याच्याशीं झुंजूं देऊन घातक रोगाची सिद्धता करावी, हें त्या लशीचें तत्त्व. तेंच माकडांना एड्स आणणाऱ्या एस.आय.व्ही. विषाणूस लावून पाहिलें गेलें. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अमेरिकेंतील संशोधकांनीं त्याच्या ‘नेफ’ जनुकाचा भाग कापून तो ऱ्हीसस माकडांस टोचला. दोन वर्षांहून अधिक काळानें घातक विषाणु दिला असतांही तीं बचावलीं.

परंतु देवीच्या लशीचा विषाणु कांहीं आठवड्यांत नाहींसा होतो. हा मात्र जन्मभर पेशींत ठाण मांडतो. शिवाय आपली नक्कल करितांना तो सतत चुका करितो आणि त्याचीं नाना रूपें होतात. आनुवंशिक लिपींतील १२ अक्षरें गाळलेल्या एका विषाणूनें तो खंड माकडाच्या शरीरांतच भरून काढिला व घातकपणा परत मिळविला, असें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं कळलें कीं, तीन ठिकाणीं छाटलेल्या विषाणूनेंही नवजात पिल्लांस एड्स झाला. पुढें २००० सालीं लशीचा विषाणु व मागाहून दिलेला विषाणु यांचा संकर होऊन अधिक जहाल वाण उपजल्याचा पुरावा मिळाला.

म्हणूनच मनुष्यासाठीं हा मार्ग स्वीकारला गेला नाहीं. शत्रूस निर्बल करून घरांत ठेवणें एक वेळ साधेल. पण रूप पालटणारा शत्रु निर्बलच राहील, याची हमी कोण देणार?