विश्वस्त पाहिजेत, सह्याजीराव नकोत

एका तालुक्याच्या गावी बहुजनसमाजातील मुलांचे एक जुने बोर्डिंग आहे. आसपासच्या खेड्यांतील कुणबी, माळी, धनगर यांनी कोणी पायलीभर जोंधळा देऊन, कोणी आपली बैलगाडी आठ दिवस फुकट हाकून ते उभे केले. गेल्या पावसाळ्यात आम्ही तेथे गेलो, तेव्हा मुले गळक्या छपराखाली घमेली मांडून अभ्यास करीत बसली होती. स्वयंपाकीणबाईचा चार महिन्यांचा पगार थकला होता. आणि रस्त्याकडेची संस्थेची जागा अध्यक्षांच्या भाच्याने तीस वर्षांच्या कराराने, नाममात्र भाड्यावर घेऊन तिच्यावर दुकानांचे गाळे उठविले होते! पाटीवर अकरा विश्वस्तांची नावे आहेत. त्यांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांस आम्ही विचारले, "आबा, हा ठराव तुमच्या सहीने झाला ना?" ते म्हणाले, "अहो, आम्ही नुसते नावाला. शिपाई बुक घेऊन घरी येतो, आम्ही सही करतो. नाही म्हणावे तर वाईटपणा येतो."

हे गृहस्थ चोर नव्हेत. संस्थेच्या एका पैशालाही त्यांनी हात लावला नसेल. पण राखणदार झोपला म्हणजे चोराला कुलूप फोडावे लागत नाही. संस्था बुडविणारा इसम बहुधा एकच असतो, पण त्याला बुडवू देणारे दहा असतात; आणि ते दहाजण गावात सज्जन म्हणूनच मिरवत असतात. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या दहांविषयी.

विश्वस्त म्हणजे कोण? तो संस्थेचा मालक नव्हे आणि अध्यक्षाचा हुजऱ्याही नव्हे. दुसऱ्याची ठेव ज्याने विश्वासाने सांभाळावयाची, तो विश्वस्त. ही ठेव ज्यांनी ठेविली ते शेतकरी बहुतेक आज हयात नाहीत, आणि ज्यांच्यासाठी ठेविली ती मुले सभेत येऊन बोलू शकत नाहीत. म्हणून तर विश्वस्ताने बोलले पाहिजे! मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायदा 1950 साली झाला. तो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. शहाणा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जशी काळजी घेईल तशीच विश्वस्ताने संस्थेच्या मालमत्तेची घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. आबांनी स्वतःच्या मळ्याचा बांध तरी न वाचता सही करून भाऊबंदाला दिला असता काय?

हाच कायदा आणखी सांगतो की, संस्थेची स्थावर मिळकत विकावयाची, बदलावयाची किंवा बक्षीस द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी अगोदर पाहिजे. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा दुसरी जागा व इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्यास द्यावयाची, तरीही पाहिजे. कर्ज काढावयाचे तरी मंजुरी पाहिजे. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत कळवावे लागते. कर्तव्य चुकविणाऱ्या विश्वस्तास पदावरून दूरही करता येते. 'मी नुसता नावाला' हा जबाब तेथे चालत नाही; कारण कायद्याच्या लेखी नावालाच जबाबदारी चिकटलेली असते.

कोणी म्हणतील, हे लोक फुकट राबतात, त्यांस जाब कसला विचारता? आमचे उत्तर असे की, फुकट काम करणे हा गुण आहे, पण न केलेले काम फुकट केले असे म्हणणे ही लबाडी आहे. ज्यास वेळ नाही त्याने पद घेऊ नये. घेतले असेल तर आनंदाने सोडावे. त्यात कमीपणा नाही. रिकामी खुर्ची लोकांच्या निदान डोळ्यांत तरी येते, झोपलेल्या माणसाची येत नाही.

दुसरे म्हणतील, ही आपली माणसे, आपणच त्यांची अब्रू चव्हाट्यावर कशी मांडावी? हा प्रश्न आम्हांस अधिक बोचतो. 1873 साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला, तेव्हा देव आणि माणूस यांच्यामधल्या मध्यस्थास आपल्या लोकांनी जाब विचारावा, हीच शिकवण दिली. भटजीस जाब विचारावयाचा आणि पाटलास, अध्यक्षास विचारावयाचा नाही, असे त्यांनी कोठे सांगितले? साताऱ्याला भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. अशा त्यागावर आमच्या संस्था उभ्या राहिल्या. ज्या भिंतीत कोणाचे सौभाग्यलेणे गेले आहे, तिच्या आडोशाने भाच्याचे गाळे उठत असतील, तर अब्रू आम्ही घालवीत नाही. ती आधीच गेलेली आहे.

तेव्हा विश्वस्ताने करावे तरी काय? फार विद्वत्ता नको. पद घेण्यापूर्वी संस्थेची घटना वाचावी. वाचता येत नसेल तर नातवाकडून वाचून घ्यावी. सभेस जावे. सभा झालीच नसेल तर तिच्या बुकावर सही करू नये, मग बुक आणणारा कोणीही असो. कीर्द आणि बँकेचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून पाहावे. हिशेब दरसाल तपासनीसाकडून तपासून घ्यावा आणि तपासनीसाने काढलेला दोष सर्वांसमक्ष वाचावा. आपल्या नातलगाचा व्यवहार आला तर तसे सांगून बाहेर जाऊन बसावे. पटले नाही तर आपला विरोध नावानिशी बुकात नोंदवावा. मुख्याध्यापकाच्या आणि रेक्टरच्या रोजच्या कामात लुडबूड करू नये. मात्र महिन्यातून एकदा न सांगता जावे आणि मुलांच्या पंक्तीस बसून जेवावे. अहवाल दडवील, पण ताटातली आमटी काही दडवीत नाही.

देणगीदारांनी आणि पालकांनीही नुसते हळहळून घरी बसू नये. संस्थेत हितसंबंध असलेल्या दोन माणसांस धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेऊन दावा लावता येतो. पण दाव्याच्या आधी प्रश्न आहे आणि प्रश्नाला कोर्टफी लागत नाही. वार्षिक सभेत उभे राहून 'जमाखर्च वाचून दाखवा' एवढे म्हणावयाची हिंमत गावातील एकाने केली, तर दुसरे दहा उठतात.

आम्ही त्या आबांस निरोप धाडला आहे की, पुढच्या वेळी शिपाई बुक घेऊन आला तर त्यास चहा पाजावा, मागचे पान उलटून वाचावे आणि मग दौतीचे झाकण घट्ट लावावे. अकरांत एक जरी असा निघाला तरी त्या छपरावर नवे पत्रे पडतील. आमचे जे वाचक कोठे ना कोठे विश्वस्त असतील, त्यांनी हा निरोप आपल्यालाही आहे असे समजावे.