विश्लेषण : बेस्टसेलर यादीतल्या ‘खंजिरा’चा अर्थ काय?

नोव्हेंबर २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प ज्युनिअर यांचे ‘ट्रिगर्ड’ हे पुस्तक ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बेस्टसेलर यादीत पहिले आले. मात्र नावापुढे खंजिराच्या आकाराची बारीक खूण होती. काही दुकानांनी घाऊक खरेदी कळवली, की ‘टाइम्स’ ही खूण लावतो.

खरेदीदार कोण? निवडणूक आयोगाकडच्या खर्चाच्या नोंदीत रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने एका पुस्तकविक्रेत्याला सुमारे ९४,८०० डॉलर दिल्याचे दिसले. स्वाक्षरी केलेल्या प्रती देणगीदारांना द्यायच्या होत्या. त्यांच्या मागणीनुसारच प्रती घेतल्या, असे पक्षाचे म्हणणे. असा व्यवहार बेकायदा नाही. पण यादी पाहून पुस्तक निवडणाऱ्याला यात वाचक किती आणि पक्षाचा पैसा किती, हे कसे कळणार? जाहिरातीत ‘क्रमांक एक’ झळकतो, खंजीर नाही.

‘टाइम्स’ही आपली मोजणीची पद्धत पूर्ण उघड करत नाही. २०१५ मध्ये घाऊक खरेदीचे कारण देत त्याने सिनेटर टेड क्रूझ यांचे पुस्तक यादीबाहेर ठेवले. प्रकाशकाने इन्कार केला, ॲमेझॉनलाही तसा पुरावा आढळला नाही. पुढच्या आठवड्यात ते यादीत आले. २०१७ मध्ये उजव्या विचारांच्या ‘रेग्नरी’ प्रकाशनाने, यादी पक्षपाती असल्याचा आरोप करून, आपल्या जाहिरातींतून तिचा उल्लेखच काढून टाकला.