दंड भरला की झाले?

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला येणाऱ्या दुचाक्यांची भोकरदन रस्त्यावर रीघ लागते. एका गाडीवर तिघे, टाकीवर पोर, हेल्मेट कुणालाच नाही. हटकले तर ठरलेले उत्तर मिळते, "डॉक्टरसाहेब, पकडले तर पावती फाडू. चोरी तर करत नाही ना?"

नियम मोडून शिक्षा भोगणाऱ्यांना आपण मान देतो, हे खरे. आरोग्याच्याच क्षेत्रातले र. धों. कर्वे घ्या. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली. १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले, तर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. कर्व्यांनी मासिक थांबविले नाही. १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालविले. सारे उघडपणे, लोकांच्या भल्यासाठी. झीज सोसली ती त्यांनी (आणि पत्नी मालतीबाईंनी, हे आपण विसरतो).

टाकीवरच्या पोराला मात्र कुणी विचारलेले नसते. आणि डोक्याला मार लागलेला माणूस परिणाम भोगायला शुद्धीवर तरी असतो काय? त्याला 'घाटी'त न्यायला गाडी करणे, उसनवारी करणे, पुढे अंथरुणावरचे सगळे करणे, हे घरच्यांच्या वाट्याला येते.

बिडीचे तेच. सार्वजनिक जागी ओढल्यास २००३ च्या कायद्याने २०० रुपयांपर्यंत दंड आहे. तो ओढणारा भरील. धूर शेजारच्या गरोदर बाईच्या पोटातल्या जिवापर्यंत जातो.

क्षयाला तर दंडही नाही. साधारण सहा महिन्यांचा औषधोपचार. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रुग्ण गोळ्या सोडतो. "माझे मी भोगीन," म्हणतो. पण अर्धवट औषधाने उरलेले जंतू पुढे त्या गोळ्यांना दाद देईनासे होतात, आणि खोकल्यावाटे तेच जंतू दुसऱ्याच्या छातीत जातात. त्याला पहिल्या दिवसापासून अवघड दुखणे! अशा रुग्णाशी मी वाद घालत नाही. "बाबा, तुमच्या खोलीत रात्री कोण कोण झोपते?" एवढेच विचारतो.

या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्यांनी मळमळ होत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर परस्पर निर्णय न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.