पाण्याखालचं लाकूड

लाकूड कसं कुजतं, हे इगतपुरीच्या मुलांना शिकवावं लागत नाही. जूनमध्ये दारं फुगतात, ऑगस्टमध्ये खिडकी लावायला दोघं लागतात, आणि पाऊस उघडला की कुंपणाच्या खांबाचा बोटानं भुगा पडतो. त्यामुळे भाच्यानं कॅनडाहून पाठवलेला व्हिडिओ मी आठवीच्या वर्गात दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी सरळ म्हणाली, "टीचर, हे खोटं आहे."

व्हिडिओ टोबरमोरी या गावचा, तळाला काच बसवलेल्या होडीतून काढलेला. ह्युरॉन सरोवराच्या गोड्या पाण्यात, जेमतेम 20 फुटांवर, एक लाकडी जहाज बसलेलं दिसतं. नाव 'स्वीपस्टेक्स'. 1867 साली बांधलेलं, 119 फूट लांब, दोन डोलकाठ्यांचं मालवाहू जहाज. तिकडे त्याला स्कूनर म्हणतात. 1885 मध्ये कोळसा नेताना त्याचं नुकसान झालं, ओढून बंदरात आणलं आणि तिथेच ते बुडालं. कोळसा नंतर काढून घेतला, जहाज राहिलं. आज पाणबुडे हौसेनं ते बघायला उतरतात.

मुलीची शंका रास्त होती. पाण्यानं लाकूड कुजतं, मग हे का नाही? तर कुजवते ती बुरशी, आणि तिला ओल हवी तशी हवाही हवी. आपल्या खांबाला दोन्ही मिळतं. पूर्ण बुडालेल्या लाकडाच्या आत हवा फारशी पोचत नाही, त्यात तिथलं पाणी थंडगार. विहिरीच्या बांधकामाखाली जुनी माणसं उंबराचं लाकूड घालायची, ते काही उगाच नाही.

समुद्रात मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे गांडुळासारखा दिसणारा, पण शिंपल्यांच्या जातीचा एक जीव लाकूड पोखरून खातो. गोड्या पाण्यात तो जगत नाही.

हे सांगताना मला माझे पणजोबा आठवले. ते रत्नागिरीकडचे, फत्तेमारीवर खलाशी. मंगलोरी कौलं भरून मुंबईला जायचे. एका खेपेला गेले ते परतले नाहीत. अम्मीच्या घरी त्यांची ना कबर, ना फोटो. कौलं कदाचित अजून तळाशी असतील, लाकूड नसणार.

संध्याकाळी अम्मीनं व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, "इतकं शाबूत आहे, तर बाहेर का काढत नाहीत?"

काढून पाहिलं आहे. मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या भागात 'आल्विन क्लार्क' हे 1846 सालचं स्कूनर 1864 च्या वादळात बुडालं होतं. कप्तान आणि दोन खलाशी गेले. 1967 मध्ये फ्रँक हॉफमन या पाणबुड्याला ते सापडलं, आणि 1969 मध्ये त्यानं ते वर काढलं. आतलं पाणी उपसल्यावर जहाज चक्क तरंगलं! माणसं बघायला आली. पण शंभर वर्षं पाणी प्यालेलं लाकूड उघड्यावर सुकू लागलं, तडकलं आणि कुजलं. ते टिकवायला लागणारा पैसा काही उभा राहिला नाही. पाण्याखाली एक शतक टिकलेलं जहाज काठावर पंचवीस वर्षंच राहिलं. 1994 मध्ये ते बुलडोझरनं मोडून टाकलं. स्वीडननं 1961 मध्ये 'वासा' हे जहाज वर काढलं, तेव्हा सुमारे 17 वर्षं त्यावर रसायन फवारलं. त्यांच्यामागे सरकार होतं. हॉफमनच्या हौसेत मला खोट दिसत नाही, पण पुढच्या खर्चाचा विचार आधी व्हायला हवा होता.

'स्वीपस्टेक्स' म्हणूनच जागेवर ठेवलंय. तो भाग संरक्षित आहे, पाणबुड्यांना नोंदणी करावी लागते, जहाजाला जागोजागी आधारही दिलाय. अशा जहाजाच्या आत माणसं शिरली, तर त्यांच्या श्वासाचे बुडबुडे छताखाली अडकतात आणि जुन्या फळ्या तेवढ्यानंही ढिल्या होतात. इथेही वैरी हवाच.

अम्मीनं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते तीन जण... त्यांच्या घरच्यांना जागा तरी कळली, शंभर वर्षांनी का होईना." आणि मोबाईल माझ्याकडे देत, "परत लाव. जरा हळू चालतं का बघ."