वजनकाट्यावर तोललेला खेळाडू

२०२२ च्या उन्हाळ्यात लेन हटसन हा अठरा वर्षांचा अमेरिकन मुलगा नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) संघांना मुलाखती द्यायला गेला, तेव्हा त्याच्याजवळ डॉक्टरांचं पत्र होतं. मुलाची वाढ उशिरा होते आहे, तो अजून थोडा उंच होईल, असा त्या पत्राचा आशय. त्याच्या खेळाबद्दल कोणाला फारशी शंका नव्हतीच. प्रश्न होता तो पाच फूट आठ इंचांचा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ६१ खेळाडू उचलून झाल्यावर त्याचं नाव पुकारलं गेलं, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून. याच मॉन्ट्रियलची पाळी त्याआधी तीनदा येऊन गेली होती: पहिली, सव्विसावी आणि तेहेतिसावी. तिन्ही वेळा त्यांनी दुसरं कोणी निवडलं.

इथे विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे. या खेळात समोरच्याला खांद्यानं धडक देऊन कडेच्या फळीवर आपटणं नियमात बसतं. लीगमधल्या खेळाडूची सरासरी उंची सहा फूट एक इंचाच्या घरात आणि वजन नव्वद किलोंच्या आसपास. हटसनचं अधिकृत वजन १६२ पौंड, म्हणजे साधारण त्र्याहत्तर किलो. त्यात तो बचावपटू. बॉस्टन विद्यापीठाकडून दोन हंगाम खेळून एप्रिल २०२४ मध्ये त्यानं मॉन्ट्रियलशी करार केला, आणि दोन वर्षं चघळला गेलेला प्रश्न एकदाचा पानात पडला. हा मुलगा व्यावसायिक हॉकीसाठी तयार आहे का?

आधी पूर्वपक्ष ऐकून घेऊ, कारण तो मूर्खांचा नाही. महाविद्यालयात जमलेली जादू मोठ्यांसमोर चालत नाही. तिथे जागा कमी आणि वेळ त्याहून कमी. छोटा आघाडीपटू एक वेळ कडेकडेनं खेळून निभावेल, पण बचावपटूला स्वतःच्या गोलसमोर ठाण मांडलेला शंभर किलोंचा गडी हटवावा लागतो. वर हंगाम ८२ सामन्यांचा. तेव्हा आधी एक-दोन वर्षं खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये (एएचएल) घालव, अंगावर मांस चढू दे, मग बघू.

यातला अंग मोडण्याचा मुद्दा पहिल्यांदा निकालात काढता येतो. आडदांड शरीर म्हणजे सुरक्षित शरीर, हा समज एरिक लिंड्रॉसच्या कारकिर्दीनं कधीच खोटा पाडला आहे. सहा फूट चार इंच उंची आणि शंभरच्या वर वजन. असा देह जन्माला घालावा तर हॉकीसाठीच, असं त्याच्याबद्दल बोललं जाई. मे २००० मध्ये स्कॉट स्टीव्हन्सची धडक त्याला बसली आणि २०००-०१ चा अख्खा हंगाम तो बाहेर राहिला. मान खाली घालून पकमागे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीमागे, धावणाऱ्याला उंची वाचवत नाही. याउलट हटसन आपल्या पहिल्या पूर्ण हंगामात, २०२४-२५ मध्ये, ८२ पैकी ८२ सामने खेळला, तेही सामन्याला सरासरी बावीस मिनिटांहून जास्त. छोटे खेळाडू जखमी होत नाहीत असं मात्र कोणी समजू नये. मॉन्ट्रियलच्याच कोल कॉफिल्डचा २०२२-२३ चा हंगाम खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे ४६ सामन्यांत आटोपला होता. दुखापत दोघांनाही होते. फरक इतकाच की मोठ्याला झाली तर ते दुर्दैव ठरतं, आणि छोट्याला झाली तर ‘आम्ही सांगितलंच होतं’.

दुसरा मुद्दा बचावपटूच्या कामाचा. जॅरेड स्पर्जन हा पाच फूट नऊ इंचांचा बचावपटू २००८ च्या ड्राफ्टमध्ये १५६ वा निवडला गेला. निवडणाऱ्या संघानं त्याच्याशी करारसुद्धा केला नाही. पुढे तो मिनेसोटाकडे गेला आणि कर्णधार झाला. टोरी क्रूगला तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. २०१९ च्या स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम लढतीच्या पहिल्याच सामन्यात झटापटीत त्याचं हेल्मेट गेलं. तसाच उघड्या डोक्यानं तो रिंकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट गेला आणि त्यानं रॉबर्ट थॉमसला आडवा केला. धडकेत वजन लागतं, तसा वेगही लागतो. मात्र ही गोष्ट ऐकायला छान असली तरी तिच्यावर फार भिस्त ठेवू नये, कारण छोट्या बचावपटूचं खरं काम धडक देण्याचं नसतंच. धडक बसायच्या आत पक तिथून काढणं, हे त्याचं काम.

ते कसं होतं, हे हटसनचंच पाहावं. प्रतिस्पर्धी पक कोपऱ्यात भिरकावतात आणि त्यामागे एक धिप्पाड आघाडीपटू सुटतो. हटसन पाठमोरा पकाकडे जातो आहे. पोहोचायच्या आत तो खांद्यावरून मागे पाहतो, पुन्हा पाहतो. पकावर स्टिक टेकते तेव्हा त्याचं डोकं आणि खांदे डावीकडे झुकलेले असतात, म्हणून मागून येणाराही आपला सगळा भार डावीकडे टाकतो. त्याच क्षणी हटसनच्या टाचा एकमेकींकडे वळतात, पावलं बाहेरच्या दिशेनं उघडतात, आणि सगळा रिंक डोळ्यांसमोर ठेवून तो आडवा उजवीकडे सरकतो. येणारा फळीवर आदळतो तोवर पक मधल्या पट्ट्यात सहकाऱ्याच्या स्टिकवर गेलेला असतो. या सगळ्यात ताकदीची परीक्षा होतच नाही, कारण ती होऊ दिली जात नाही. वजनकाट्यावर दिसत नाही ते हे.

इथवर वाचून छोट्यांचे कैवारी खूश झाले असतील. त्यांचा समाचार घेणंही भाग आहे, कारण त्यांचा युक्तिवाद जास्त आवडता आणि म्हणून जास्त फसवा आहे. मूर्ती लहान, कीर्ती महान, असं म्हणून ते मोकळे होतात. आपल्याकडे तर गावसकर-तेंडुलकरांमुळे ही म्हण खेळाच्या पानावर कायमची मुक्कामालाच आहे. पण गावसकरांच्या अंगावर कितीही उसळते चेंडू आले, तरी गोलंदाजाला धावत येऊन त्यांना साइटस्क्रीनवर आपटण्याची मुभा नव्हती. हॉकीत ती आहे. तिथली मोठी नावं घ्यायची तर यादी लांबते: पाच फूट सात इंचांचा ऑन्री रिशार, ज्यानं अकरा वेळा स्टॅन्ली कप जिंकला; आठव्या फेरीत निवडला जाऊन हजारावर गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) मिळवणारा थिओ फ्लुरी. यादी खरी आहे. पण ती टिकलेल्यांची आहे. जे टिकले नाहीत त्यांची यादी कोणी करत नाही.

२०११ चा ड्राफ्ट घ्या. त्यात दोन छोटे, कुशल, महाविद्यालयाच्या वाटेनं जाणारे आघाडीपटू होते. रॉको ग्रिमाल्डी ३३ वा गेला, जॉनी गॉड्रो १०४ था. म्हणजे हॉकीच्या जाणकारांनी ग्रिमाल्डीवर जास्त विश्वास टाकला होता. गॉड्रोनं बॉस्टन कॉलेजात तीन वर्षं काढली, २०१४ मध्ये सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार घेतला, थेट एनएचएलमध्ये पाऊल ठेवलं आणि पहिल्याच पूर्ण हंगामात ६४ गुण केले. २०२१-२२ मध्ये तर ११५. (ऑगस्ट २०२४ मध्ये सायकलवरून जाताना तो आणि त्याचा भाऊ मोटारीच्या धडकेत गेले, ही हॉकीजगाची अजून न भरलेली जखम.) ग्रिमाल्डीही एनएचएल खेळला, पण त्याची बरीचशी कारकीर्द खालच्या एएचएलमध्ये गेली. कौशल्य दोघांकडे होतं, उंची दोघांकडे नव्हती. तेव्हा ‘कौशल्य असेल तर उंचीचं काय’ हे वाक्य ‘उंची नसेल तर कौशल्याचं काय’ याइतकंच पोकळ आहे.

२००५ पासून नियम बदलले, आता खेळ छोट्यांचाच, असंही हिरिरीनं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. संपामुळे नव्हे तर मालकांनी टाळं ठोकल्यामुळे २००४-०५ चा हंगाम वाया गेला. त्यानंतर स्टिक अडकवून, कमरेला धरून अडवणाऱ्यांना पंच बाहेर बसवू लागले, आणि दोन रेषा ओलांडून जाणाऱ्या लांब पासवरची बंदी उठली. मोकळ्या बर्फावर चपळ खेळाडूची किंमत वाढली. पण कोपऱ्यातला आणि गोलसमोरचा बर्फ काही मोकळा झाला नाही, आणि बाद फेरीत पंचांच्या शिट्ट्या मंदावतात हे प्रत्येक प्रेक्षक जाणतो.

मग तयारी ओळखायची कशावरून? एकच प्रकरण नीट उलगडलं तर बरंच कळतं, आणि ते कोल कॉफिल्डचं आहे. पाच फूट आठच्या आतबाहेरचा, २०१९ चा पंधरावा, २०२१ चा होबी बेकर विजेता. २०२१-२२ च्या हंगामात पहिल्या तीस सामन्यांत त्याचा एक गोल. एक! मधेच त्याला खाली एएचएलमध्ये, लावालला, पाठवून झालं. तयार नाही, लहान आहे, महाविद्यालयातला राजा इथे प्यादा, ही सगळी वाक्यं तेव्हा खपून गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉन्ट्रियलनं प्रशिक्षक दॉमिनिक द्यूशार्मला काढून मार्टिन सां लुईला आणलं. उरलेल्या ३७ सामन्यांत कॉफिल्डनं २२ गोल केले. मधल्या काळात त्याची उंची काही वाढली नव्हती. बदललं ते हे की त्याला वरच्या फळीत मिनिटं मिळाली आणि चुकायची मुभा मिळाली. संघ लीगमध्ये शेवटचा होता, तेव्हा हरण्याचं ओझं नव्हतं, ही सवलत मान्य. पण पहिल्या तीस सामन्यांतही संघ काही जिंकत नव्हता.

हा सां लुई स्वतः पाच फूट आठ. त्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही, २००० च्या उन्हाळ्यात कॅल्गरीनं सोडून दिलं, टॅम्पानं उचललं. २००३-०४ मध्ये त्यानं लीगमध्ये सर्वाधिक गुण केले, वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि स्टॅन्ली कपही जिंकला. मॉन्ट्रियलमध्ये हटसनच्या वाट्याला प्रशिक्षक आला तो असा. त्यामुळे हटसनच्या तयारीत निम्मा वाटा मॉन्ट्रियलच्या तयारीचा आहे, असं म्हणायला हरकत नाही. छोट्या, कुशल खेळाडूला चौथ्या फळीत रात्री सात मिनिटं देऊन ‘टिकतो का बघू’ म्हणणं ही परीक्षा नव्हे. ज्या कामासाठी तो घेतलाच नाही त्या कामात त्याला नापास करण्याची ती सोय आहे. धिप्पाड मुलाला मात्र ‘अजून अंगाची ओळख व्हायची आहे’ म्हणून तीन-तीन वर्षं सांभाळून घेतात.

खेळाडूच्या वाट्याची निम्मी तयारी मोजता येते. त्यासाठी तो कोणासमोर खेळून आला हे पाहावं. कॅनडातल्या ज्युनियर लीगमध्ये समोर सोळा ते वीस वर्षांची पोरं असतात, तर अमेरिकन महाविद्यालयांत तेवीस-चोवीसचे बाप्येही. हटसननं त्यांच्यासमोर दोन हंगाम काढले आणि दोन्ही वेळा सामन्यागणिक एकाहून जास्त गुण मिळवले. ज्युनियरमधून येणाऱ्या लोगन स्टँकोव्हनचं वेगळं झालं. तो पाच फूट आठ, २०२१ चा ४७ वा. ज्युनियरमधल्या वीस वर्षांखालच्या खेळाडूला एनएचएलमध्ये ठेवा नाहीतर परत ज्युनियरला पाठवा, मधली एएचएल नाही, असा वर्षानुवर्षांचा नियम होता. त्यामुळे तो कॅमलूप्समध्येच पोरांसमोर खेळत राहिला. वयाची अट सुटल्यावर एएचएलच्या ४७ सामन्यांत त्यानं ५७ गुण केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये डॅलसनं त्याला वर घेतलं. त्याच्यासाठी एएचएलची पायरी खरोखर कामाची होती. हटसनला तिची गरज नव्हती, आणि तो एएचएलचा एकही सामना न खेळता वर गेला.

वर काय चाललं आणि काय चाललं नाही, हेही पाहण्यासारखं आहे. महाविद्यालयात शेवटच्या हंगामात ३८ सामन्यांत त्याचे पंधरा गोल होते; एनएचएलमध्ये ८२ सामन्यांत सहा. म्हणजे शंका घेणारे एका बाबतीत बरोबर ठरले: लांबून गोल मारायला जो वेळ आणि जी जागा खाली मिळायची, ती वर मिळाली नाही. पण गोलला दिलेले पास साठ! पदार्पणाच्या हंगामात बचावपटूनं दिलेल्या पासांचा लॅरी मर्फीचा १९८०-८१ पासूनचा विक्रम त्यानं गाठला. एकूण ६६ गुणांनी मॉन्ट्रियलच्या नवोदित बचावपटूंमधला ख्रिस चेलिओसचा ६४ चा आकडाही मागे टाकला. सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफीही त्यालाच मिळाली. मॉन्ट्रियलला ती याआधी मिळाली होती १९७२ मध्ये केन ड्रायडनला, आणि तो गोलरक्षक सहा फूट चार इंचांचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्लबनं हटसनशी आठ वर्षांचा करार केला, वर्षाला सरासरी ८८ लाख ५० हजार डॉलरचा.

हॉकीच्या बाजारानं यातून किती घेतलं, याचं मोजमाप त्याच घरात आहे. लेनचा धाकटा भाऊ कोल हटसन, तोही बचावपटू आणि तोही चणीनं लहान, जून २०२४ च्या ड्राफ्टमध्ये आला. थोरल्याचे महाविद्यालयातले दोन हंगाम तेव्हा सगळ्या स्काउटांच्या डोळ्यांदेखत होऊन गेले होते. कोलला वॉशिंग्टननं ४३ वा निवडला. सहा महिन्यांनी वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेनं सुवर्ण जिंकलं तेव्हा सर्वाधिक गुण, सात सामन्यांत अकरा, त्याच्याच नावावर होते. त्या स्पर्धेत बचावपटूनं गुणांत पहिला येण्याची ती पहिलीच वेळ होती.