ड्रायव्हरची मुदत खोक्यावर छापा

ग्राफिक्स कार्डाचं खोकं चारी बाजूंनी वाचल्याशिवाय पैसे न काढणारं नाझा मार्केटमधलं मी बहुधा एकटंच गिऱ्हाईक असेन. लखनौचा कॉम्प्युटरचा बाजार तो, तिथे एवढा वेळ कोणाला? पण माझी खोड जुनी आहे. मानकनगरच्या आरडीएसओत, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेत, उभी नोकरी ड्रॉइंगं तपासण्यात गेली. कोपऱ्यात सुधारणेचा क्रमांक आणि तारीख नसेल तर ड्रॉइंग परत पाठवायचं, मग खाली सही कोणाची का असेना.

खोक्यावर एमआरपी असते, आयातदाराचं नाव-पत्ता असतो, महिना-वर्ष असतं, तक्रारीसाठी फोन नंबर असतो. पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार हे छापावंच लागतं. मेमरी किती जीबी हे तर बोटभर अक्षरांत. नसतं ते एवढंच, की या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, कंपनी कुठल्या सालापर्यंत देणार.

आणि ड्रायव्हर नसला की काय होतं, ते वृंदावन योजनेतल्या आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे पाहिलं. मुलाने मदरबोर्ड नवा बसवला, विंडोज नवं टाकलं, कार्ड मात्र जुनंच ठेवलं. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर कार्डाच्या नावाच्या जागी नुसतं ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’. 1920 गुणिले 1080 चा मॉनिटर 1024 गुणिले 768 वर अडकलेला आणि सेटिंगमध्ये दुसरा पर्यायच नाही. इंग्रजी कसंबसं वाचता यायचं. देवनागरीत मात्र घ आणि ध एकसारखे, भ कुठला नि म कुठला कळेना, रफार तर शिरोरेषेतच विरघळलेला. मास्तर मोतीबिंदूच्या तपासणीला निघाले होते.

आता खरं सांगायचं तर कॉम्प्युटर बघायला मला येणारी बरीचशी बोलावणी ड्रायव्हरची नसतातच. कोणी मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डात खुपसलेली असते. कोणाकडे जुना व्हीजीए मॉनिटर असतो आणि कार्ड फक्त डिजिटल सिग्नल देणारं. तिथे नुसती पिन बदलणारा स्वस्तातला जोड चालत नाही, आत सर्किट असलेला कन्व्हर्टरच लागतो. कधी कार्डाला स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॉटहून जास्त वीज हवी असते आणि जुन्या पॉवर सप्लायला ती वायरच नसते. पण या गोष्टी डोळ्यांना दिसतात, दुकानात विचारता येतात. ड्रायव्हरची मुदत कोणाला विचारणार? दुकानदारालाही ती ठाऊक नसते.

एनव्हिडियाचं जीटी 710 घ्या. ज्या केप्लर पिढीची ही चिप, तिचे नेहमीचे ड्रायव्हर 2021 मध्ये थांबले आणि सुरक्षेची डागडुजी 2024 च्या सप्टेंबरपर्यंत चालली. कार्ड मात्र 2021 नंतरही कोऱ्या खोक्यात विकलं जात होतं. जीटी 730 ची तऱ्हा आणखी न्यारी. त्याच नावाने दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या, आणि त्यातल्या जुन्या फर्मी चिपेचे नेहमीचे ड्रायव्हर 2018 मध्येच आटोपले. नाव एक, आयुष्यं दोन. आमच्याकडे एका क्रमांकाखाली दोन ड्रॉइंगं सापडली असती तर चौकशी लागली असती.

कंपनी कद्रू आहे असं मी म्हणत नाही. 2016 च्या जीटीएक्स 1050 टीआयला 2025 च्या ऑक्टोबरपर्यंत नेहमीचे ड्रायव्हर मिळाले. नऊ वर्षं ही काही कमी सेवा नव्हे. पण पहिल्या वर्षी घेणाऱ्याला नऊ मिळाली आणि सात वर्षांनी घेणाऱ्याला दोनच, हे दुसऱ्याला पैसे मोजताना कोणी सांगितलं?

पुढचं आधीच कसं सांगणार, असं उत्तर येईल. मोबाइलवाल्यांनी सांगितलंच ना! गूगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने 2024 मध्ये गॅलेक्सी एस24 ला सात वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला. आपल्या सरकारनेही 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल उघडलं. पण वस्तू धडधाकट असताना तिचा ड्रायव्हरच बंद झाला, तर दुरुस्त काय करायचं?

म्हणून 2011 च्या नियमांत एकच ओळ वाढवा: ‘ड्रायव्हर अमुक सालापर्यंत’. ग्राफिक्स कार्ड, प्रिंटर, स्कॅनर, वायफायचा डोंगल, सगळ्यांवर. आणि मुदत संपल्यावर कंपनीने चिपेची तांत्रिक माहिती खुली करावी. एएमडीने 2007 पासून ती खुली करायला सुरुवात केली, म्हणून तिची कित्येक जुनी कार्डं लिनक्सवर आजही चालतात.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर कार्ड घेताना नुसतं मॉडेल विचारू नका, चिप कुठल्या पिढीची ते विचारा, आणि कंपनीच्या साइटवर त्या पिढीला ड्रायव्हर चालू आहे का ते दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर बघा. दुकानदाराने घाई केली तरी बघा.