यंत्राच्या हाती बाजाराची यादी

देवकार्याची यादी यंत्राच्या स्वाधीन करावी आणि आपण निश्चिंत व्हावे, असा सल्ला हल्ली सुशिक्षित मंडळींकडून वारंवार ऐकू येऊ लागला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ म्हणे इंटरनेटवरील दुकाने क्षणार्धात धुंडाळतो, वस्तूचे नाव, किंमत, वजन, शिल्लक साठा, वर्णन गोळा करतो आणि त्यांतून उत्तम तेवढे निवडून देतो. त्यातील धुंडाळण्याबद्दल आमची तक्रार नाही. ‘उत्तम’ या शब्दाबद्दल आहे.

वस्तुतः एजंट काहीच पाहत नाही. दुकानातील तपशील उचलून आणणारे एक साधन त्याच्या हाती दिलेले असते. दुकानाच्या पानामागे मालाची नोंद यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक साच्यात लिहिलेली असते. हा साचा सर्वमान्य व्हावा म्हणून गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी २०११ साली एकत्र येऊन ‘स्कीमा’ची शब्दावली काढली, आणि एजंटाने अशा बाहेरच्या साधनांशी कोणत्या रीतीने बोलावे याचा एक खुला संकेत अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. योजना चतुर आहे हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण नोंद लिहिली कोणी? विक्रेत्याने. साधन कितीही चोख असले तरी ते विक्रेत्याचा शब्द जसाच्या तसा पोचवील. तो शब्द खरा की खोटा हे सांगण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नाही.

आरतीच्या कापराचेच पाहा. आज बाजारात मिळणारा बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. यात गैर काही नाही. गैर आहे ते त्याच कापरावर ‘भीमसेनी’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ अशा विशेषणांची रास रचणे. आमच्या घरची जाणती बाई डबी उघडून वास घेते, वडी पेटवून मागे काही उरते का ते पाहते, आणि पसरकाराला दोन शब्द सुनावून डबी परत करते. यंत्रापुढे वासही नाही, ज्योतही नाही. त्याच्यापुढे विशेषणे तेवढी आहेत, आणि ज्याने ती अधिक लिहिली त्याचा माल वर येण्याचा संभव अधिक.

यावर उत्तर मिळते की, माणूस तरी कोठे कमी फसतो? ‘केवळ दोनच नग शिल्लक’ असे वाचून धावत सुटणारे गिऱ्हाईक माणूसच ना? हा आक्षेप रास्त आहे. अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक नियम काढावे लागले, ते माणसे फसत होती म्हणूनच. परंतु यंत्राची फसगत निराळ्या जातीची आहे. वस्तूच्या वर्णनात माणसाच्या डोळ्यांना न दिसणारी वाक्ये घालता येतात आणि त्यांत थेट यंत्रालाच आज्ञा देता येते, की हाच माल श्रेष्ठ म्हणून सांग. एजंटाने ते वर्णन माहिती म्हणून न घेता हुकूम म्हणून घेतले, तर मालकाचा मुनीम दुकानदाराचा चाकर झाला. आणि मालकाला त्याचा पत्ताही नाही!

दुसरी हानी अधिक मूक आहे. आमच्या जत्रेतले खाजे घ्या. बेसन, गूळ, आले, तीळ. त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे. पण फेरीत ताडपत्रीखाली बसून ते विकणाऱ्या खाजेकाराची नोंद कोणत्या साच्यात आहे? यंत्राच्या लेखी तो नाहीच. उद्या ‘गोव्याचे खाजे’ मागणाऱ्यास भलत्याच गावच्या कारखान्याची बंद पिशवी मिळेल, कारण तिचे वर्णन साच्यात नीट बसवलेले होते.

मोठ्या व्यापाऱ्यांचे भांडण वेगळेच चालले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत पर्प्लेक्सिटी या कंपनीवर दावा गुदरला. आरोप असा की, तिचा एजंट आपली ओळख लपवून दुकानात शिरतो. उलट बाजू म्हणते, तो गिऱ्हाइकाच्याच परवानगीने येतो. दोघांच्या या वादात गिऱ्हाइकाला खरे काय कळणार, हा प्रश्न मागे पडतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. एजंटाने उत्तर देताना कोणत्या दुकानातून, किती वाजता आणि कोणाच्या शब्दांत ही माहिती घेतली ते सांगावे. उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत या गोष्टी इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या बंद मालाबाबत १ जानेवारी २०१८ पासून कायद्याने दाखवाव्याच लागतात. पुष्कळदा त्या पाकिटाच्या छायाचित्रात तेवढ्या असतात आणि साधन त्या सोडून पुढे जाते. त्या सापडल्या नाहीत, तर ‘सापडल्या नाहीत’ असे एजंटाने स्पष्ट लिहावे. अंदाजाने भरू नयेत. ज्या देवस्थान समित्या तेल, तूप, कापूर या मार्गाने मागवू लागल्या आहेत, त्यांच्या महाजनांनी पुढील जत्रेच्या हिशेबापूर्वी निदान एवढे विचारून घ्यावे. आणि खाजे मात्र फेरीतूनच घ्यावे.